कूलंट उतरतंय, खाली थेंब नाही: हेड उघडण्याआधी दाब टिकतो का ते बघा

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यातली १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, आठ वर्षं जुनी, ८५,००० किलोमीटर झालेली. कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली पंधरा दिवसांत वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येते आणि दर वेळी साधारण अर्धा लिटर घालावं लागतं. पार्किंगमध्ये ओल नाही, तापमानाचा काटा मधोमध असतो. पसरणी घाट चढून पाचगणीला जाऊन आलं की पातळी जरा जास्तच उतरलेली असते. एका मेकॅनिकनं हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय असं सांगितलंय, दुसऱ्यानं लीक बंद करणारी पावडर टाका म्हटलंय. हेड उघडायचं का?

आत्ता नाही. गॅस्केट गेलेलं असूही शकतं, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात ते सिद्ध करणारं एकही लक्षण नाही. गॅस्केट की पावडर हा वाद नंतरचा. कूलंट नेमकं कुठून जातंय ते आधी शोधायला हवं. चांगल्या स्थितीतल्या सर्किटमधलं कूलंट वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच राहतं. कमी होत असेल तर एक तर ते बाहेर पडतंय, नाहीतर इंजिनाच्या आत जातंय. यातलं काय होतंय हे कळायला इंजिन खोलावं लागत नाही. थंड इंजिनावर दाब देऊन तो किती वेळ टिकतो हे बघितलं की बहुतेक वेळा सोक्षमोक्ष लागतो.

खाली थेंब नाही म्हणजे गळती नाही, असं धरू नका. हिशेब करून बघा. पंधरा दिवसांत अर्धा लिटर म्हणजे दिवसाला ३३ मिलिलिटर. एका मिलिलिटरचे वीसेक थेंब धरले तर दिवसाला साडेसहाशे थेंब झाले. गाडी रोज तासभर चालत असेल आणि गळती फक्त दाब असतानाच होत असेल, तर पाच-सहा सेकंदांना एक थेंब पडतोय. हा थेंब नव्वद अंशांच्या ब्लॉकवर किंवा त्याहून कितीतरी जास्त तापलेल्या एक्झॉस्टजवळ पडला की त्यातलं पाणी उडून जातं, जमिनीपर्यंत काही पोचतच नाही. इंजिन गार झालं की दाब उतरतो आणि गळती थांबते, म्हणून सकाळी फरशी कोरडी. मागे राहतो तो डाग. कूलंटच्या रंगाप्रमाणे हिरवट, गुलाबी किंवा नुसताच पांढरट, आणि बोट फिरवलं तर खरखरीत लागणारा. आपल्याला शोधायचाय तो हा डाग.

त्याआधी मोजणी नीट करा. पातळी फक्त सकाळी, रात्रभर गार झालेल्या गाडीची, सपाट जागेवर बघायची. कूलंट वीस अंशांवरून नव्वद-पंचाण्णवपर्यंत तापलं की त्याचं आकारमान साधारण चार टक्के वाढतं. सर्किटमध्ये पाच लिटर असेल तर दोनशे मिलिलिटरचा फरक नुसत्या तापण्यानं पडतो. एकदा गरम बघितलं आणि एकदा गार बघितलं तर नसलेली गळती दिसेल. बाटलीवर पातळीशी चिकटपट्टीचा तुकडा लावा, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा. पातळी किलोमीटरच्या प्रमाणात उतरते, की गाडी नुसती उभी असतानाही उतरते, हे यातून कळतं आणि शोध निम्मा होतो. उभ्या गाडीत उतरत असेल तर होज (कूलंटच्या रबरी नळ्या), त्यांचे क्लॅम्प, रेडिएटर यांच्याकडे आधी बघायचं. फक्त घाटातल्या किंवा जोरात चालवलेल्या फेरीनंतर उतरत असेल तर झाकण, पंखा आणि मग गॅस्केट.

तुमची बाटली कोणत्या प्रकारची आहे यावरही बरंच अवलंबून आहे. काही गाड्यांत दाबाचं झाकण रेडिएटरच्या तोंडावर असतं आणि बाटली साधी, बिनदाबाची असते. तापल्यावर जादा कूलंट बाटलीत जातं, गार होताना परत ओढलं जातं. या प्रकारात बाटली भरलेली दिसत असूनही रेडिएटर रिकामा असू शकतो, कारण झाकणाचं रबर किंवा मधला छोटा वॉल्व्ह खराब झाला की कूलंट बाटलीत जातं पण परत येत नाही. गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून आत बोट बुडतं का ते बघायचं. दुसऱ्या प्रकारात बाटली स्वतःच दाबाखाली असते आणि आटे असलेलं दाबाचं झाकण तिच्यावरच बसतं. इथे बाटलीची पातळी खरी बोलते, पण बाटलीच्या प्लॅस्टिकच्या जोडाला पडलेली केसाएवढी चीरही गळतीचं कारण ठरते. गेल्या महिन्याभरात कूलंट बदललं असेल किंवा होज काढला असेल तर तेही कळवा. आत अडकलेली हवा पहिल्या दोन-तीन वेळा तापून गार होण्यात बाहेर पडते आणि पातळी एकदा उतरून मग स्थिर राहते. ती गळती नव्हे.

आता झाकण. तुमच्या वर्णनात माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे, कारण घाटानंतर पातळी जास्त उतरते असं तुम्ही म्हणताय. झाकणावर दाबाचा आकडा असतो. बारमध्ये असेल तर ०.९ किंवा १.१, किलोपास्कलमध्ये असेल तर ८८ किंवा १०८ असा. तेवढा दाब झाकणानं धरून ठेवायचा असतो, आणि कूलंट किती तापमानाला उकळेल ते त्यावर ठरतं. पाचगणी जवळजवळ १,३०० मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी शंभरऐवजी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकण १.१ बार धरत असेल तर त्या उंचीवरही साधं पाणी ११९-१२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं ग्लायकॉल (पाण्यात मिसळलेलं कूलंटचं मुख्य रसायन) असलेलं कूलंट त्याहून आठ-दहा अंश जास्त सोसतं. तेच झाकण स्प्रिंग सैल होऊन ०.३ बारलाच सोडायला लागलं, तर पाण्याचा उत्कलनबिंदू १०४ अंशांपर्यंत खाली येतो. पसरणीत दुसऱ्या गिअरमध्ये, माणसं आणि सामान भरून, एसी लावून चढताना कूलंट शंभरीच्या आसपास सहज जातं. त्यात तुम्ही वरचेवर साधं पाणी भरत असाल तर ग्लायकॉलचं प्रमाण घटत गेलंय, म्हणजे उरलेली सवलतही कमी झाली.

यातला सगळ्यात वाईट क्षण चढताना येत नाही. वर पोचल्यावर टेबललँडच्या पार्किंगमध्ये लगेच चावी बंद केली की येतो. वॉटर पंप थांबतो, कूलंट फिरायचं थांबतं, पण हेडच्या धातूत साठलेली उष्णता त्यात उतरतच राहते. बंद केल्यानंतर काही मिनिटं तापमान आणि दाब दोन्ही वर जातात, आणि कमजोर झाकण नेमकं तेव्हा सोडतं. झाकणाच्या गळ्याभोवती, बाटलीच्या बाहेरच्या अंगाला किंवा ओव्हरफ्लोच्या नळीच्या टोकाशी सुकलेले ओघळ दिसले तर हेच घडतंय. घाट चढून आल्यावर मिनिट-दोन मिनिटं इंजिन आयडलवर चालू ठेवा, हे तोवरचं पथ्य. झाकणाची तपासणी दाबाच्या टेस्टरवरच होते. त्याला झाकण लावून पंप मारायचा आणि ते कोणत्या आकड्याला सोडतं ते बघायचं. टेस्टर नसेल तर त्याच आकड्याचं कंपनीचं नवं झाकण सरळ बदला. काही शे रुपयांचं काम आहे. जास्त आकड्याचं झाकण मात्र लावू नका, त्यानं जुन्या रेडिएटरचा जोड सुटतो.

झाकण ठीक निघालं तर पूर्ण सर्किटवर दाब द्या. ट्यूब पंक्चर आहे का हे बघायला आधी तिच्यात हवा भरावी लागते, तसंच हे आहे. बिनदाबाच्या गार इंजिनावर टॉर्च मारून गळती शोधणं म्हणजे वेळ घालवणं. हातपंप आणि दाबाचा काटा असलेला कूलिंग सिस्टिम टेस्टर चांगल्या गॅरेजमध्ये असतो. पूर्ण गार इंजिन, पातळी वरच्या खुणेवर, झाकणाच्या जागी टेस्टरचं अॅडॉप्टर. झाकणावर लिहिलेल्या आकड्यापर्यंतच दाब द्यायचा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत काटा थोडा उतरतो, कारण रबरी होज फुगतात. परत आकड्यावर आणायचा आणि पंधरा मिनिटं थांबायचं. काटा हलला नाही तर गार अवस्थेत बाहेर गळती नाही. काटा उतरला आणि कुठेतरी ओल दिसली तर सापडलं. काटा उतरतोय पण ओल कुठेच नाही, तर मग हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) किंवा इंजिनाचा आतला भाग. गॅरेजमध्ये हे पंधरा मिनिटांचं थांबणं टाळलं जातं. मिनिटभर बघून टेस्टर काढला तर बारीक पाझर निसटतो. म्हणून तुम्ही स्वतः उभे राहा आणि काटा बघा.

ओल कुठे शोधायची हे सांगतो. रेडिएटरला मधे अॅल्युमिनियमची जाळी आणि दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. धातूची कड दुमडून त्या बसवलेल्या असतात, मधे रबरी सील असतं. आठ वर्षांत ते सील कडक होतं आणि दुमडीच्या रेषेवर गळतं. ही रेषा वरून दिसत नाही, पंख्याच्या बाजूनं आरसा घालून बघावी लागते. मग होजची टोकं. होज मधे क्वचितच फुटतो, क्लॅम्पखाली पाझरतो. क्लॅम्पच्या कडेला खरखरीत थर असेल तर होज काढून आतलं प्लॅस्टिकचं तोंड बघा, त्याला चीर असेल तर नवा क्लॅम्प कितीही आवळला तरी उपयोग नाही, उलट चीर वाढेल. तिसरी जागा थर्मोस्टॅटचं (ठरावीक तापमानाला उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेचं) हाउसिंग. हल्ली ते बऱ्याचदा प्लॅस्टिकचं असतं आणि बऱ्याच गाड्यांत हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसवलेलं असतं. तिथून पडलेलं कूलंट गिअरबॉक्सच्या वरच्या खळग्यात साचतं आणि तिथेच सुकतं. एअर फिल्टरचा डबा काढल्याशिवाय ही जागा नजरेला पडत नाही, आणि खाली थेंब नसण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

वॉटर पंपाला खालच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावं, यासाठी ते असतं. भोकातून खाली ओघळ आलेला असेल तर पंप बदलायचा, भोक बुजवायचं नाही. एम-सील लावून ते बंद केलं तर कूलंट बेअरिंग धुऊन काढतं आणि पंप रस्त्यात जाम होतो. पंपाची पुली बेल्टवर फिरत असेल तर बेल्ट तेच थेंब उडवतो, मग बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा बाजूच्या पत्र्यावर एका रेषेत ठिपके दिसतात. बेल्ट काढून पुली हातानं हलवून बघा. जरा जरी खेळ जाणवला तरी पंपाचं आयुष्य संपलं. टायमिंग बेल्टवर चालणारा पंप असेल तर तो कव्हरच्या आत असतो आणि गळती टायमिंग बेल्टवर पडते. तिथे अजिबात चालढकल करू नका.

राहिला हीटर कोअर. डॅशबोर्डच्या मागे, पुढच्या सीटच्या पायांजवळ. गालिच्याखाली हात घाला, वरून कोरडा असला तरी खालचा फोम ओला सापडतो. काचेवर आतून तेलकट वाफ धरणं आणि गोडसर वास ही याची लक्षणं. साताऱ्यात हीटर लावायची वेळ फारशी येत नाही म्हणून त्याला सोडून देऊ नका. बहुतेक गाड्यांत त्यातून कूलंट कायम फिरत असतं, बटण फक्त हवेची झडप फिरवतं. एसीचं पाणी आणि कूलंट यांत गल्लत होते. एसीचं पाणी पातळ आणि बिनवासाचं असतं, कूलंट दोन बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं. चव घेऊन बघू नका, इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, म्हणून सांडलेलं लगेच पाण्यानं धुऊन टाका.

एवढं सगळं कोरडं निघालं आणि तरी काटा उतरत असेल, तेव्हा हेड गॅस्केटचं नाव घ्यायचं. इथेही पुरावा आधी. गार इंजिनाला टेस्टर लावलेला असतानाच ते चालू करायचं. कूलंट तापून दाब चढायला काही मिनिटं लागतात. काटा पहिल्याच मिनिटात सरसर चढला तर सिलिंडरमधला जळालेला वायू कूलंटमध्ये घुसतोय. हे करताना एक हात दाब सोडण्याच्या वॉल्व्हवर हवा, झाकणाच्या आकड्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. दुसरी चाचणी निळ्या द्रवाची. बाटलीच्या तोंडावर नळी धरून वरची हवा त्या द्रवातून ओढतात. कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळा होतो. त्यासाठी बाटलीतली पातळी थोडी कमी करावी लागते, नाहीतर कूलंटच नळीत ओढलं जातं आणि चाचणी वाया जाते. द्रव पिवळा झाला तर शंका उरत नाही. निळाच राहिला तर मात्र गॅस्केट शंभर टक्के चांगलं असं म्हणता येत नाही, कारण काही गळत्या एकाच दिशेनं, म्हणजे बंद गाडीत कूलंटकडून सिलिंडरकडे होतात. अशा गाडीत सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन काही सेकंद अडखळतं. तिच्यासाठी संध्याकाळी गार झालेल्या इंजिनावर दाब देऊन टेस्टर रात्रभर तसाच ठेवायचा आणि सकाळी सगळे प्लग काढून छोट्या कॅमेऱ्यानं आत बघायचं. ज्या सिलिंडरमध्ये कूलंट जातं त्याच्या पिस्टनचा माथा धुतल्यागत स्वच्छ दिसतो, बाकीचे काळे. प्लग काढायच्या आधी सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

दोन लक्षणांवरून गॅस्केटचा निकाल फार घाईनं दिला जातो. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ प्रत्येक गाडीला येते आणि इंजिन तापलं की जाते. ती जाऊन परत आली किंवा जातच नसेल तरच विचार करायचा. आणि पावसाळ्यात साताऱ्यातल्या साताऱ्यात, राजवाडा ते पोवई नाका एवढंच फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली पिवळट-पांढरा फेस जमतो, कारण इंजिन पुरतं तापतच नाही आणि हवेतली ओल तिथे थेंबांच्या रूपात जमते. डिपस्टिक बघा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल आणि पातळी वाढलेली नसेल तर नुसत्या फेसावरून हेड उघडू देऊ नका. झाकणाचा दोष असताना हेड उतरवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध आहे यावर फार विसंबू नका. अनेक गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की साधारण ७५ ते १०५ अंशांमध्ये तो जागचा हलतच नाही. ओबीडीच्या, म्हणजे गाडीतले दोष वाचायच्या पोर्टला छोटं ब्लूटूथ उपकरण लावून मोबाइलवर खरा आकडा बघा. सपाट रस्त्यावर तो थर्मोस्टॅट उघडतो त्याच्या आसपास, म्हणजे ८५ ते ९५ मध्ये राहायला हवा. नाक्यावरच्या गर्दीत तो वाढत गेला आणि शंभरीजवळ पंखा जोरात सुरू होऊन त्यानं खाली आणला तर पंखा ठीक. पंखा आलाच नाही तर त्याचा रिले, फ्यूज, मोटर तपासा, कारण चांगलं झाकणही शेवटी दाब सोडणारच. डिझेलवाल्यांसाठी एकच वाक्य: बाहेर गळती नाही, गॅस्केट ठीक आहे आणि तरी कूलंट जातंय, तर ईजीआर कूलर (इंजिनात परत नेला जाणारा धूर कूलंटनं गार करणारा भाग) सुटा काढून दाबावर तपासा, तो आतून फुटला की कूलंट सरळ इंजिनात ओढलं जातं आणि धुरातून निघून जातं.

पावडर टाकू नका. हळद, अंड्याचा बलक, बाटलीतलं लीक-स्टॉप, सगळ्यांचं काम एकच: बारीक वाट बुजवणं. पण गळतीचं भोक कोणतं आणि हीटर कोअरची बारीक नळी कोणती हे त्या पावडरला कळत नाही. आज पाझर थांबेल, उद्या रेडिएटरच्या खालच्या नळ्या गाळानं भरून गाडी घाटात तापेल. रात्री निर्जन रस्त्यावर गाडी घरी आणायचीच असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यानंतर सर्किट धुऊन काढायलाच हवं. तसंच बोअरचं पाणी. क्षारांचे थर साचतात आणि अॅल्युमिनियमला गंज धरतो. तूर्तास भरायचंच असेल तर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या, आणि दुरुस्तीनंतर सगळं काढून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचंच कूलंट भरा. रंग बघून घेऊ नका, एकाच रंगात वेगवेगळी रसायनं विकली जातात. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही.

चाचणीत गॅस्केटच निघालं तर नवं गॅस्केट टाकून हेड तसंच बसवू देऊ नका. हेडची सपाटी स्ट्रेट एज आणि फीलर गेजनं मोजून घ्या, गरज पडली तर फेसिंग करा (मशीनवर घासून सपाट करून घ्या) आणि चिरेसाठी हेड दाबावर तपासून घ्या. ते काम सातारा एमआयडीसीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीनवर होतं. कंपनीनं एकदाच वापरायचे बोल्ट दिले असतील तर ते नवेच हवेत.

तोवर गाडी वापरताना रोज सकाळी पातळी बघा आणि पाचगणी-महाबळेश्वर टाळा. चढावर तापमानाचा आकडा ११० च्या पुढे गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि त्याचा केबिनमधला पंखा जोरात, आणि जागा मिळताच बाजूला घ्या. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद. वरच्या होजला हात लावता येत नाही तोवर झाकणाला हात लावायचा नाही, ते निदान पाऊण तास तरी.

झाकणावरचा आकडा, बाटलीचा प्रकार, आणि पंधरा मिनिटांत काटा कितीवरून कितीवर आला एवढं कळवा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.